सातबाऱ्याबाहेरची जमीन

नाशिक रोडच्या पूर्वेस, गोदावरीकाठच्या एकलहरे या गावाचे नाव महाराष्ट्रभर परिचित झाले ते औष्णिक वीज केंद्रामुळे. १९७०-७१ च्या सुमारास तेथे प्रत्येकी १४० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटचे आणखी तीन संच उभे राहिले. पहिले दोन संच आता कायमचे बंद झाले आहेत. केंद्राचा हा इतिहास कोणालाही सहज मिळू शकतो. मात्र जेथे आज धुराडी व राखेचे बंधारे दिसतात ती जमीन त्यापूर्वी कोणाची होती, ती कोण कसत होते, आणि कसणाऱ्याचे 'मालका'शी नाते काय होते, असे विचारू लागल्यास दोन निरनिराळ्या ठिकाणी जावे लागते. एक तलाठ्याचे दप्तर, आणि दुसरे गावातील वृद्धांचे बोलणे. या दोन ठिकाणी मिळणारी उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. किंबहुना ती जेथे जुळत नाहीत तेथेच अभ्यासकाचे खरे काम सुरू होते.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, यांतील दुसरे ठिकाण हे मराठी विभागांच्या अभ्यासक्षेत्रात येते. आजवर आपण ते महसूल खात्यावर, अर्थशास्त्रज्ञांवर, फार तर समाजशास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे झालो. त्याचा परिणाम आपल्या समीक्षेवरही झालेला आहे. ग्रामीण साहित्यावरील प्रबंधांत 'जमीनदारांकडून होणारे शोषण' हे प्रकरण ठरलेले असते; पण दख्खनच्या खेड्यात हा जमीनदार नेमका कोण, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मराठेशाहीच्या कागदांत 'जमीनदार' हा शब्द देशमुख-देशपांड्यांसाठी येतो. आपण आज जो अर्थ गृहीत धरतो तो बंगालच्या १७९३ च्या कायमधाऱ्यातून, हिंदी कादंबरीतून आणि चित्रपटातून आपल्याकडे आला आहे. मिशीला पीळ देणारा पाटील हा त्याचाच मराठी अवतार होय. नाशिकच्या गावांत शेतमालकीच्या आठवणी सांगताना माणसे ज्यांची नावे घेतात त्यांत सावकार असतो, शहरात राहणारा इनामदार असतो, देवस्थान असते, कुलकर्णी असतो, आणि अलीकडच्या काळात सर्वांत मोठ्या प्रमाणावर सरकार असते. या सर्वांना एकाच शब्दात कोंबले की आठवणींतील सूक्ष्म भेद नाहीसे होतात.

येथे आयर्लंडचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथे १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांना वह्या देऊन घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून गावच्या आठवणी लिहून आणावयास सांगण्यात आले. या संग्रहाची सुमारे ७,४०,००० पाने आज जतन केलेली आहेत. त्यांत भुते-खेते, औषधी, दुष्काळ यांच्याबरोबर गावोगावच्या जमीनमालकांच्या हकीकतीही आहेत. कोणी कुळांना घराबाहेर काढले, कोणी दुष्काळात खंड माफ केला, कोणाचा वाडा कसा ओसाड पडला, अशा त्या कथा. आयरिश भूमिसंघ स्थापन झाला १८७९ साली, आणि कॅप्टन बॉयकॉट या व्यवस्थापकावर तेथील लोकांनी टाकलेला बहिष्कार १८८० मधला. म्हणजे मुलांनी ज्यांना प्रश्न विचारले त्यांतील काहींनी तो काळ लहानपणी प्रत्यक्ष पाहिलेला होता. (याच बॉयकॉटच्या आडनावाचे पुढे स्वदेशीच्या काळात आपल्याकडे 'बहिष्कार' असे भाषांतर होऊन ते टिळकांच्या चतुःसूत्रीत जाऊन बसले, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.)

भूमिसंघाचे जे साल तेच आपल्याकडे दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याचे. त्याला कारण झालेले १८७५ चे सुपे येथील दंगे सावकाराविरुद्ध होते, आणि दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. कागद हाती लागला की तो जाळावयाचा, ही त्यांची रीत. आयरिश कुळाचा शत्रू वाड्यात राहणारा, बहुतेक ठिकाणी वेगळ्या धर्माचा आणि वेगळ्या संस्कृतीचा होता; त्यामुळे त्याच्या आठवणीला चेहरा आहे. दख्खनमधील शेतकऱ्याच्या दृष्टीने संकट आले ते कागदाच्या रूपाने. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी सावकार, कुलकर्णी आणि सरकारी कचेरी यांची जी साखळी दाखवली ती याच अनुभवाची आहे. आपल्याकडील आठवणी एका वाड्याभोवती गोळा झालेल्या नाहीत, त्या विखुरलेल्या आहेत. म्हणूनच त्या गोळा करण्याचे काम अवघड, आणि आयर्लंडची नक्कल करून ते होणार नाही.

त्यांचा शोध कोठे घ्यावा? प्रथम शब्दांत. रयतवारी पद्धतीत कायद्याच्या भाषेला 'मालक' हा शब्द फारसा मानवत नाही. विंगेट व गोल्डस्मिड यांच्या मोजणीपासून पुढे सरकारी कागदावर जो येतो तो कब्जेदार, खातेदार किंवा आजच्या नमुन्यातील भोगवटादार. तत्त्वतः जमीन सरकारची. रयत ती सारा भरून भोगणार. 'मालक' हा शब्द लोकांचा आहे. कूळ ज्याला खंड देते तो मालक, सालदार ज्याच्याकडे सालाने राहतो तो मालक, आणि बायको नवऱ्याचा उल्लेख करते तोही 'आमचे मालक' असाच. या तिन्ही ठिकाणी शब्द एक असला तरी त्यामागील अधिकार, भीती आणि जिव्हाळा यांचे प्रमाण वेगवेगळे आहे. आठवण सांगणारी व्यक्ती हा शब्द उच्चारताना कोणत्या स्वरात उच्चारते, हे कोणत्याही नमुना सातमध्ये लिहिलेले सापडणार नाही.

'कूळ' या शब्दाचे तर याहून विलक्षण. कूळ म्हणजे वंश, घराणे. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. आणि सावकाराच्या वहीत कूळ म्हणजे ऋणको. ज्याला स्वतःच्या कुळाचा अभिमान आहे तोच दुसऱ्याचे कूळ आहे, ही भाषेने करून ठेवलेली गंमत फार बोचरी आहे. त्यापुढे अर्धेली, बटाई, वाटा, खंड, मक्ता, गहाणवट असे शब्द येतात. बियाणे कोणाचे, बैल कोणाचे, कडबा कोणाचा, विहिरीचे पाणी कोणाचे, यांवर त्यांतील फरक ठरतात. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला बोलीचा नमुना म्हणून लग्नविधीच नोंदवले पाहिजेत असा काही नियम नाही. शेतीचा वाटा कसा पडत असे याचे वर्णन हाही बोलीचा तितकाच कसदार नमुना आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे शेतांची नावे. मोजणीने शेताला सर्व्हे नंबर दिला, १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याने पुढे गट नंबर दिला. पण बोलताना लोक हाडोळा, देवाची पट्टी, इनाम, अमक्याचा मळा असेच म्हणतात. हाडोळा म्हटले की ती महारकीची वतनी जमीन हे आपोआप कळते, मग सातबाऱ्यावर आज कोणाचेही नाव असो. नाशिक रोडच्या परिसरात आडनावापुढे 'मळा' जोडलेल्या अनेक वस्त्या आहेत. मळ्यातील विहीर बुजली, प्लॉट पडले, इमारती झाल्या, तरी रिक्षावाला मळ्याच्याच नावाने पत्ता सांगतो. वीज केंद्राच्या कुंपणाआड गेलेल्या शेतांना मात्र ही सोय नाही. तेथे पत्ता विचारणारे कोणी जात नाही, आणि नाव उच्चारण्याचे निमित्तच संपल्यावर ते नाव एका पिढीत नाहीसे होते. एकलहऱ्यासारख्या गावी हे काम अधिक निकडीचे आहे ते यासाठी.

तिसरे ठिकाण आहे कूळकायदा. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि त्यातील १९५६ ची दुरुस्ती यांनी १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरवला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने खरेदीदार मानले गेले. किंमत ठरवण्याची चौकशी कलम ३२ ग खाली, खरेदीचा दाखला ३२ म खाली, आणि त्यानंतरच्या हस्तांतरावरील बंधन कलम ४३ खाली. साध्या कुळासाठी किंमत आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान असे, आणि ती हप्त्यांनी फेडता येत असे. अक्षराची ओळख नसलेला शेतकरी 'बत्तीस ग झाले का?' असे विचारू शकतो, यावरून हा कायदा बोलीत किती खोल उतरला आहे ते दिसते.

परंतु हा कायदा जितका जमीन मिळाल्याच्या आठवणींचा तितकाच ती न मिळाल्याच्या आठवणींचाही आहे. कृषक दिनापूर्वी असंख्य कुळांनी जमिनी 'स्वखुशीने' मालकांच्या हवाली केल्याच्या नोंदी झाल्या. दांडेकर व खुदानपूर यांनी गोखले संस्थेच्या वतीने मुंबई राज्यात केलेल्या, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या स्वखुशीच्या हवाल्यांचे प्रमाण आणि त्यांमागील खुशीची शंकास्पदता दोन्ही पुढे आली. महसुली भाषेत याला राजीनामा म्हणतात. राजी होऊन लिहून दिलेला तो राजीनामा. कागदावर एवढीच ओळ असते. त्या ओळीमागे मुलीचे लग्न, थकलेले कर्ज, 'मालक चांगला माणूस आहे, त्याच्याशी कोर्टात कसे भांडावे' हा संकोच, की संध्याकाळी घरी आलेली चार माणसे, यांतील काय होते हे कळण्याचा मार्ग आठवणीखेरीज दुसरा नाही. अर्थशास्त्रज्ञाने आकडा दिला, त्याचे काम झाले. 'राजी' या शब्दाच्या आत काय घडले हा प्रश्न भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाचा आहे.

मालकाच्या बाजूलाही आठवणी आहेत, आणि त्या टाळून चालणार नाही. जमीनमालक अज्ञान, विधवा, असमर्थ किंवा सैन्यात असल्यास कुळाची खरेदी पुढे ढकलण्याची तरतूद कायद्यात होती. साहजिकच अनेक ठिकाणी कुळासमोरचा 'जमीनदार' म्हणजे शहरातील दोन खोल्यांत खंडाच्या धान्याची वाट पाहणारी विधवा असे. तिच्या नातवंडांना आपली जमीन 'कुळांनी खाल्ली' हे वाक्य ठाऊक असते. कुळाच्या नातवंडांना 'आमच्या आजोबांनी जमीन सोडवली' हे. पश्चिम महाराष्ट्रातील ब्राह्मण घराण्यांच्या आठवणीत आणखी एक गुंता होतो. गांधीहत्येनंतरची जाळपोळ आणि कूळकायदा हे दोन्ही १९४८ चेच. मधली नऊ वर्षे, कज्जे, तडजोडी गळून पडतात आणि घर जळाले व जमीन गेली ही एकच घटना होऊन बसते. इतिहासकाराच्या दृष्टीने ही चूक ठरेल. पण घटनांचे असे एकत्रीकरण कसे होते, त्यातून कथेचा आकार कसा तयार होतो, हे पाहण्याची साधने इतिहासापेक्षा आपल्याकडे अधिक आहेत.

आणि तरीही या दोन्ही बाजू मिळून गाव पुरा होत नाही. कूळकायद्याने जमीन दिली ती कुळाला. सालदाराला आणि मजुराला नव्हे. भूमिहीनांच्या वस्तीत १ एप्रिल १९५७ या तारखेला काहीच अर्थ नाही. तेथील कालगणना वेगळी आहे. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, १९५९ पासून. जमिनी पुन्हा मिळाल्या त्या नव्या, अविभाज्य शर्तीवर. त्याच १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले आणि त्यांचे नेतृत्व केले ते नाशिक जिल्ह्यातल्याच दिंडोरी तालुक्यातील आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांनी. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपण अभ्यासक्रमात शिकवतो. भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या माणसांचे बोलणे आपल्या किती विभागांत ध्वनिमुद्रित आहे? एकलहऱ्यापासून जवळच असलेल्या विहितगावी बाबूराव बागुलांचा जन्म झाला. त्यांच्या कथेतील गाव हे विद्रोहाचे प्रतीक म्हणून वाचले जाते, ते योग्यच. पण त्या गावाचा सातबारा कोणाच्या नावे होता हा प्रश्न त्या वाचनाला बाधक नाही, पूरकच आहे.

येथे असे विचारले जाईल की, आपल्या कादंबरीने आणि आत्मकथनाने हे काम केलेलेच नाही काय? काही अंशी केले आहे. दुसऱ्याचा मळा कसणारे घर आतून कसे असते ते आनंद यादवांच्या 'झोंबी'ने (१९८७) दाखवले. दया पवारांच्या 'बलुतं'चे (१९७८) शीर्षकच जमिनीच्या उत्पन्नातील वाट्याचे नाव आहे. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये (१९७०) ठाण्याच्या वारल्यांची वेठ आहे. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) महसूल अधिकाऱ्याची बारीक नजर आहे. मात्र कोकणाकडे वळले की असमतोल लगेच ध्यानात येतो. खोतीची मराठीतील सर्वांत विस्तृत कादंबरी म्हणजे श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (१९८७). ती थोर कादंबरी आहे यात वाद नाही. पण ती खोतांच्या घराण्याची कथा आहे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची जमीन पडीक ठेवून, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप करणाऱ्या चरीच्या कुळांना त्या तोलाची कादंबरी मिळाली नाही. घराण्याला वाडा असतो, वंशावळ असते, कागद असतात. कादंबरीला आवश्यक असा ऐवज त्याच्याकडे आयता असतो. कुळाकडे असते ती आठवण. ती कोणी लिहून घेतली नाही तर तिची कादंबरीही होत नाही.

आक्षेप घेणारे आणखी एक गोष्ट म्हणतील: हे सारे संपले, आता त्यात अर्थ काय? वस्तुस्थिती याच्या उलट आहे. आज महाराष्ट्रात जमीन कसायला देणारा मालक कागदावर काही लिहून देत नाही, कारण 'कूळ लागेल' ही धास्ती त्याच्या मनात आहे. १९५७ ची आठवण अशा रीतीने रोजच्या व्यवहारावर राज्य करीत आहे. तोंडी बोलीवर वाट्याने शेती करणाऱ्याला पीककर्ज, विमा किंवा गारपिटीची भरपाई मिळवताना हाती कागद नसतो. नीती आयोगाने २०१६ साली जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला तो याच अडचणीवर. त्या कायद्याच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. पण ज्या भीतीमुळे तो सुचवावा लागला ती भीती कोणत्या कथांमधून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आली, हे सांगता आले तर आपल्या विषयाची प्रतिष्ठा काही कमी होणार नाही.

पुन्हा एकलहऱ्याकडे. या टापूत सरकारने जमीन घेण्याचा अनुभव वीज केंद्रापासून सुरू होत नाही. देवळालीची छावणी, १९२५ मधील नाशिक रोडचे प्रतिभूती मुद्रणालय, १९६४ मधील ओझरचा विमान कारखाना ही त्याच मालिकेतील नावे. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही तसाच चालला आणि २०१४ च्या आरंभी नवा कायदा अमलात येईपर्यंत टिकला. ज्या कुटुंबाला १९५७ मध्ये कूळ म्हणून जमीन मिळाली असेल त्याच कुटुंबाची जमीन पुढील दहा-पंधरा वर्षांत प्रकल्पाला गेली असेल, तर त्या घरातील 'मालकी' या शब्दाचे आयुष्य किती? मालकाच्या जागी सरकार आले एवढाच बदल त्यांना जाणवला, की सरकारी संपादनात आणि मालकाने कूळ काढण्यात त्यांनी फरक केला? आणि मोबदला आला तेव्हा बहिणींच्या हक्कसोडपत्रांचे काय झाले? 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द त्यांनी स्वतःसाठी केव्हा वापरायला सुरुवात केली, आणि 'शेतकरी' म्हणणे केव्हा थांबवले? हे प्रश्न घेऊन पदव्युत्तर वर्गातील चार विद्यार्थी तेथे महिनाभर जाऊ शकतात. लघुप्रबंधासाठी विषय मिळत नाहीत अशी तक्रार आपण दर वर्षी ऐकतो.

कामाची रीत साधी असावी. प्रश्नावलीतील शब्द विद्यार्थ्याचे नकोत. 'जमीनदार कोण होता?' असे विचारले की समोरचा चित्रपटातले उत्तर देतो. 'या शेताला काय म्हणत?', 'खळ्यावर वाटा कसा पडायचा?', 'माप कोण धरायचे?' असे विचारावे. बोलणे जसेच्या तसे उतरवावे, प्रमाणभाषेत आणू नये. स्त्रियांशी वेगळे बोलावे, कारण खळ्यावरचा हिशेब पुरुष सांगतात, पण मालकाच्या घरी दळण-कांडणाला कोण जात होते हे त्याच सांगतील. प्रत्येक हकीकतीशेजारी फेरफाराची नोंद मिळवून ठेवावी. ती हकीकत खोडून काढण्यासाठी नव्हे, दोन्ही कथने समोरासमोर वाचता यावीत म्हणून.

एक अडचण मात्र खरी आहे. यांतील अनेक जमिनींचे वाद आजही न्यायालयात आहेत, आणि आजोबांनी सांगितलेली गोष्ट नातवाच्या विरोधात पुरावा म्हणून उभी राहू शकते. म्हणून व्यक्तींची नावे व गट नंबर सुट्या वहीत, सांगणाऱ्याच्या संमतीने, विभागात बंद ठेवावेत. एक प्रत नावे वगळून गावच्या शाळेत द्यावी. कृषक दिनाला जो वीस वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. या शैक्षणिक वर्षातील दिवाळीची सुटी त्या दृष्टीने सोयीची आहे. सोंगणी उरकलेली असते आणि म्हातारी माणसे ओट्यावर बसलेली सापडतात.